मशीन रिकामं असतानाचा हिशेब शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

घरात चोवीस तास चालू ठेवायला कोणतं छोटं मशीन घ्यावं, हे विचारायला मी तुमच्याकडे आलो होतो. तो मिनी पीसी आला, जोडला, आणि आता घरातले फोटो, घरभरच्या इंटरनेटवरच्या जाहिराती गाळणारं पाय-होल आणि घरचे सिनेमे दाखवणाऱ्या जेलीफिनवरचे सिनेमे असं सगळं त्याच्यावर बिनबोभाट चालू आहे. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे उघडं पत्र. शिवाय माझ्यासारखं कुणी याच प्रश्नाशी अडलं असेल, तर तुमचं सांगणं त्याच्याही कामी येईल.

मी वर तुमच्याकडे आलो तेव्हा हातात प्रोसेसरांची लांबलचक यादी होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत. ‘दिवसातले किती तास हे मशीन खरंच राबणार आहे?’ एवढंच विचारलंत. हिशेब केला तर फार तर तासभर. रात्रीचा बॅकअप, फोटो चढवणं, एखादा सिनेमा. ‘मग उरलेल्या तेवीस तासांसाठी मशीन निवड,’ म्हणालात. तुमच्यासारख्या डेटा सेंटर सांभाळणाऱ्या माणसाकडून मी रॅम आणि कोअरची भाषा ऐकायच्या तयारीने आलो होतो.

मग तुम्ही प्लगमध्ये खोचायचा तो वॅटमीटर काढून दिलात. माझा जुना डेस्कटॉप त्यावर लावला. एकही प्रोग्रॅम उघडा नाही, माउसला हात नाही, तरी आकडा पन्नासच्या आसपास रेंगाळत होता. एक वॅट वर्षभर अखंड जळला की ८.७६ युनिट होतात, हे तुम्ही तोंडीच सांगितलंत. म्हणजे पन्नास वॅटचे ४३८ युनिट आणि आता या मिनी पीसीला लागतात त्या आठ वॅटचे सत्तर. काहीही न करण्याचे ४३८ युनिट! त्या आकड्यानंतर मी वेगाच्या तुलना वाचणं सोडलं.

टीडीपीबद्दल, म्हणजे प्रोसेसरच्या नावापुढे छापलेल्या वॅटच्या आकड्याबद्दल, तुम्ही दिलेली तंबीही बरोबर निघाली. इंटेल एन१०० या प्रोसेसरच्या नावापुढे ६ वॅट लिहिलेलं असतं आणि ऑफिसातून निघालेल्या छोट्या मशीनमधल्या आय५-८५००टी पुढे ३५. कागदावर सहापट फरक. पण तो आकडा सततच्या कामात किती उष्णता बाहेर काढावी लागेल हे सांगणारा. रिकाम्या मशीनचा प्लगवरचा खर्च त्यातून कळत नाही. रिकामी असताना ही दोन्ही मशीनं एकमेकांच्या बरीच जवळ येतात. उलट एन१०० वाले कितीतरी मिनी पीसी कंपनीने बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) मर्यादा वाढवून ठेवलेले असतात, आणि कामाला लागले की सहा वॅट कधीच मागे टाकतात. मी शेवटी एन१००च घेतला, त्याचं कारणही तुम्हीच दिलंत: चार साधे कोअर माझ्या कामाला पुरतात, आणि सिनेमा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये वळवायचा भार त्यातला ग्राफिक्सचा भाग उचलतो. एव्ही१ हा व्हिडिओचा नवा फॉरमॅट वाचताही येतो त्याला, लिहिता येत नाही. पण ते मला लागतंय कशाला.

आवाजाच्या बाबतीत मी बिनपंख्याचं मशीन घ्यायला निघालो होतो. तुम्ही अडवलं नाहीत, फक्त त्यातली एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) कुठे बसवलेली असते ते बघायला सांगितलंत. तापलेल्या डब्यात, प्रोसेसरच्या अगदी शेजारी! पंखा नसला की तीच उष्णता तिच्या अंगावर, आणि फार तापलं की प्रोसेसर स्वतःच मंदावणार. त्यापेक्षा संथ फिरणारा पंखा परवडला. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की एकसुरी आवाज कान विसरतात, चढउतार विसरत नाहीत. अगदी तसंच झालं. मशीन आलं तेव्हा एखादं बारीकसं काम निघालं तरी पंखा ‘सूंऽऽ’ करून चढायचा आणि लगेच उतरायचा, रात्री विशेष. बायोसमध्ये जाऊन पंखा कोणत्या तापमानाला जागा व्हावा ती पायरी वर नेली, चढण सौम्य केली. आता कपाटाला कान लावला तरच ऐकू येतो.

खरा आवाज निघाला तो ३.५ इंची हार्ड डिस्कचा. तिची घरघर लाकडी फळीत उतरते आणि फळी ती मोठी करते. खाली जाड रबराचे तुकडे ठेवले, काम भागलं. मात्र ती फिरत असताना मीटरवर पाचेक वॅट जास्त दिसतात, म्हणजे डिस्क एकटीच मिनी पीसीच्या निम्म्याहून जास्त खाते. म्हणून रोजचं सगळं एसएसडीवर हलवलं आणि डिस्क फक्त बॅकअपपुरती जागी होते.

आणि तो एएसपीएमचा, म्हणजे आतले भाग रिकामे असताना त्यांच्या जोडणीची वीज वाचवणाऱ्या सोयीचा, सल्ला! सुरुवातीला मीटर दहाच्या वरच अडला होता. वीज कुठे जाते ते दाखवणाऱ्या पॉवरटॉपमध्ये पाहिलं तर प्रोसेसर झोपेच्या सी३ या पायरीच्या खाली (आकडा मोठा तितकी झोप गाढ) उतरायलाच तयार नाही. तुम्ही जिन्यातून जाता जाता ‘बायोसमध्ये एएसपीएम बंद असेल, बघ’ म्हणालात. बंदच होतं. चालू केल्यावर तो सी८ पर्यंत उतरला आणि मीटर आठवर आला. वीज गेली-आली तर मशीन आपोआप सुरू व्हावं, तीही खूण तिथेच करून टाकली. आधीपासून भरलेली सिस्टीम मात्र न बघताच पुसली आणि डेबियन लिनक्स घातलं. अनोळखी कंपनीने आत काय भरलंय, हे शोधत बसण्यापेक्षा ते सोपं.

एका बाबतीत तुमचं ऐकलेलं नाही. १६ जीबी रॅम भरपूर आहे म्हणालात, इंटेलही एन१०० साठी तेवढीच मर्यादा सांगतं, तरी मी ३२ ची पट्टी लावली. चालतेय. अर्धी रिकामी असते, हे कबूल.

वॅटमीटर अजून माझ्याकडेच आहे. तळमजल्यावरच्या मुलाला त्याचा गेमिंगचा पीसी मोजायचा आहे, तो मागतोय. परस्पर त्याला देऊ, की आधी तुम्हाला आणून देऊ? तेवढं कळवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा