पायरीवरचा वुडकॉक

शिकागो

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोटोत इमारतीच्या पायरीशी बसलेला तो लांब चोचीचा, पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी म्हणजे वुडकॉक, आपल्या पाणलाव्याचा भाऊबंद. ओल्या रानात गांडुळं उकरणारा पक्षी भर बाजारपेठेत कसा, असं तुम्ही विचारलंत. मिशिगन सरोवराच्या काठाने जाणारी ही पक्ष्यांच्या स्थलांतराची जुनी वाट आहे आणि शहर नेमकं तिच्यावर वसलंय.

वुडकॉक मार्चमध्येच येतो. बाकीचे बहुतेक एप्रिल-मेमध्ये, परतीला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. प्रवास रात्रीचा. आभाळ निरभ्र असलं तर वरच्या वर निघून जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. ढग खाली आले, पाऊस लागला की तेही खाली येतात आणि दिव्यांकडे ओढले जातात. उजाडल्यावर काचेत झाड दिसतं, कधी बाहेरच्याचं प्रतिबिंब, कधी आतली कुंडी, आणि तिकडेच झेपावतात. 5 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी मॅककॉर्मिक प्लेस या सरोवराकाठच्या प्रदर्शन-केंद्राच्या एकाच इमारतीपाशी हजाराच्या आसपास पक्षी मेलेले सापडले. 2024 मध्ये तिथल्या काचांना ठिपक्यांची फिल्म लावली, तेव्हा आकडा एकदम उतरला. ठिपके काचेच्या बाहेरून आणि दोन-दोन इंचांवरच हवेत. ससाण्याचं एखादं चित्र चिकटवणं म्हणजे निव्वळ समाधान. पक्षी त्याच्या शेजारी आदळतो.

माणूस जवळ आला तरी न हलणारा पक्षी दमलाय असं लोक समजतात. बहुतेकदा डोक्याला मार असतो. मागून हलकेच कापड टाकायचं, पंख मिटलेले ठेवून दोन्ही हातांनी उचलायचं. (वुडकॉकचे डोळे इतके मागे असतात की त्याला मागचंही दिसतं, तेव्हा त्याच्याशी चपळाई लागते.) कागदी पिशवीच्या तळाशी टिशू, तोंड दोनदा दुमडून चिमटा, एका पिशवीत एकच पक्षी. वुडकॉकला मात्र खोकं बरं. पाणी पाजायचं नाही, श्वासनलिकेत जातं. दाणेही नकोत. जागा आणि वेळ पिशवीवर लिहून शिकागो बर्ड कोलिजन मॉनिटर्स या काचेवर आदळलेले पक्षी वाचवणाऱ्या संस्थेच्या स्वयंसेवकांना फोन करायचा. घरी ठेवून घ्यायला स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या 1918 च्या अमेरिकी कायद्याने मनाई आहे.

तासाभराने आत फडफड ऐकू आली तरी झाडावर सोडू नये. आतली सूज मागाहून वाढते. आणि खोलीत पिशवी उघडून डोकावायचं तर मुळीच नाही, सुटला की थेट खिडकीवर जातो.

आईला नमस्कार.

तुमचा,
नंदू