टेबलांवरच्या त्या दोघांचे आभार

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. दुपारच्या रांगेत आईला भोवळ आली. केंद्रापासून २०० मीटरबाहेर दोन पक्षांची टेबलं समोरासमोर. सकाळी तिथे चांगलीच तू-तू मैं-मैं झालेली. (मीही एकाला दोन शब्द सुनावले होते, ते माफ करा.) एक दादा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन धावले. पक्षाचं उपरणं त्यांनी आधी काढून खिशात कोंबलं. समोरच्या टेबलावरच्या मुलाने डब्याच्या झाकणात मीठ-साखर-पाणी कालवलं. आई सावरली आणि मत देऊनच निघाली. मग दोघांनी मिळून तिला रिक्षात बसवलं. मत कुणाला, हे दोघांनीही विचारलं नाही. नावं विचारायची राहिली. मनापासून आभार. झाकण आमच्याकडेच आहे, घासून ठेवलंय.