बोअरमधला गाळ जपून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नेरुळमध्ये पाम बीच रस्त्यालगत एका इमारतीच्या पायासाठी आपण बोअर घेत होता, तेव्हा मातीपरीक्षण आटोपल्यावर एरवी फेकून दिला जाणारा खाडीचा गाळ आपण माझ्या अभ्यासासाठी जपून ठेवलात. त्याबद्दल आपले जाहीर आभार मानते. जाहीर अशासाठी, की बोअरिंगच्या व्यवसायातल्या इतरांनाही या कामाचे मोल कळावे.

बांधकाम करणाऱ्याला खडक किती खोलीवर लागतो एवढेच हवे असते. त्यावरची काळसर, मऊ मरीन क्ले, म्हणजे समुद्री चिकणमाती, ही त्याच्या लेखी डोकेदुखी. माझा सारा अभ्यास त्या डोकेदुखीचाच आहे. गाळाचे पातळ काप करायचे, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचे आणि उरलेली चिमूटभर रेती वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच वेचायचे. ही कवचे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची. अमोनिया वंशाची चक्राकार, चुन्याची कवचे विपुल असली तर तिथे मचूळ पाण्याची खाडी असावी. ट्रोकॅमिनासारखी, वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी मंडळीच तेवढी दिसली तर भरतीच्या वरच्या हद्दीजवळची तिवरांची दलदल. यात एक गोम आहे. दलदलीच्या आम्लधर्मी गाळात चुन्याची कवचे विरघळतात, त्यामुळे ती सापडली नाहीत म्हणून ती नव्हतीच, असे म्हणता येत नाही. मग शिंपल्यांचीही साक्ष काढावी लागते. आपण गाळ भरून दिलेल्या एका नळीत कालवाच्या दोन्ही झडपा एकमेकींना जुळलेल्या मिळाल्या. पाण्याने लांबून वाहून आणलेले कालव असे क्वचितच राहते. हे बहुधा तिथेच जगले आणि तिथेच गाडले गेले.

मात्र खोलीची नोंद नसेल तर हे सारे पुरावे मुके. आपण प्रत्येक नळीवर खोली लिहिलीत, वरचे टोक कोणते ते बाणाने दाखवलेत, दोन्ही तोंडे मेणाने बंद केलीत आणि न सांगता मुरमाच्या भरावाची जाडी वेगळी नोंदवून बोअरच्या तोंडाची आर. एल., म्हणजे ठरलेल्या संदर्भपातळीपासूनची उंचीसुद्धा दिलीत. नवी मुंबईत हे फार महत्त्वाचे, कारण पायाखालची जमीनच अनेक ठिकाणी डंपरने आणून टाकलेली. समुद्रसपाटीशी मेळ बसल्याखेरीज जुनी भरती कुठवर येत होती, हे ठरवता येत नाही.

सर्वांत मोठे उपकार खडकाला टेकलेल्या वीतभर गाळाचे. वरचा गाळ स्वतःच्या आणि भरावाच्या ओझ्याने दबतो, आणि त्यातले अवशेष मूळ पातळीच्या खाली सरकतात. खडक तसा दबत नाही, म्हणून त्याला लागून असलेली दलदलीची माती जुन्या समुद्रपातळीची भरवशाची खूण ठरते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तो चढत चढत नेरुळपर्यंत केव्हा आला, हे या वीतभर मातीला विचारायचे आहे. तळाशी वाळूच्या घरांचे फोरॅमिनिफेरा आणि वर वाढत गेलेली अमोनियाची कवचे, म्हणजे आधी दलदल आणि मग उघडी खाडी, एवढा क्रम स्पष्ट दिसला आहे. वय कार्बन-१४ पद्धतीने काढायचे आहे. त्यासाठी शिंपल्यांऐवजी तळातले पानांचे तुकडे निवडले आहेत, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असल्याने शिंपल्यांचे वय, जगाच्या सरासरीने, चारेकशे वर्षांनी जास्त दिसते.

मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराची झाडे सापडली होती. तिथल्या अभियंत्यांनी त्यांची दखल घेतली म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहेत. भूविज्ञानाच्या पुस्तकात अशा माणसांना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ, हे मला खटकते.

प्रत्येक नळीतला निम्मा गाळ न धुता, आपल्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीसह प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवला आहे, म्हणजे पुढे कुणाला माझे निष्कर्ष पडताळायचे झाले तर मूळ माल हाताशी राहील. वयाचा अहवाल आला की त्याची प्रत आपल्याला आणून देईन. तोवर एखाद्या सुटीच्या दिवशी काकूंना घेऊन अवश्य या. स्लाइड काढून ठेवते.

आपली कृतज्ञ,
भूविज्ञानाची एक विद्यार्थिनी
नवी मुंबई