सॉपविथ कॅमल विमानाच्या मॉडेल किटमधील पिळलेला पंख व निकामी डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) यांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : 1/48 प्रमाणातील बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचे विमान) किटचे सदोष भाग बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी 3 जुलै रोजी मागवलेले सॉपविथ कॅमल या पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाचे जुन्या साच्यातले किट 9 जुलैला नौपाड्यातील माझ्या घरी पोहोचले. खोके शाबूत होते, त्यामुळे कुरियरबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आतल्या मालाबद्दल आहे, आणि त्याहून अधिक, आपल्या 16 जुलैच्या उत्तराबद्दल.

वरचा पंख डाव्या टोकाकडे पिळलेला आहे. काचेच्या टेबलावर ठेवला असता ते टोक जवळजवळ तीन मिलिमीटर अधांतरी राहते. हा किरकोळ दोष असून फिलर लावून तो झाकता येईल, असे आपण कळवले आहे. फिलरने फट बुजते, पीळ जात नाही. त्यातही कॅमलचा वरचा पंख अगदी सरळ असतो आणि खालचा तेवढा टोकांकडे वर चढत जातो. दोन पंखांमधले अंतर टोकांकडे कमी होत जाणे ही या विमानाची ओळखच आहे. उजवीकडचे स्ट्रट (दोन पंखांना जोडणारे खांब) खाचेत नीट बसतात, पण वरचे डावे टोक उचलले गेल्यामुळे डावीकडचे दोन्ही पोहोचतच नाहीत. ओढूनताणून चिकटवले, तर सांध्यावर कायमचा ताण राहतो आणि पुढे रिगिंगचे (पंखांमधल्या ताणतारांचे) दोरे भरताना एक घट्ट केला की दुसरा सैल पडतो. एकच पंख असलेल्या विमानात एवढी चूक कदाचित खपून जाईल, बायप्लेनमध्ये ती पुढच्या प्रत्येक जोडणीत उतरते. गरम पाण्यात धरून पंख सरळ करण्याचा प्रयत्न मी दोनदा केला. रात्री सरळ दिसलेला पंख सकाळी पुन्हा वळलेला होता.

डिकल्सची अवस्था याहून वाईट आहे. कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवलेले पंखावरचे वर्तुळचिन्ह कागदावरून सरकवताच त्याचे सात तुकडे झाले. उरलेल्या डिकल्सवर लॅकरचा हात देऊन ती एकसंध ठेवता येतील, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यांची पारदर्शक कड पिवळी पडली आहे आणि शेपटीच्या सुकाणूवरील पांढऱ्या पट्ट्यात ते पिवळेपण लपणार नाही. खोक्यावर मात्र ‘नवीन डिकल्स’ असे छापलेले आहे.

‘स्प्रूवरून (भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) भाग कापल्यानंतर माल परत घेता येत नाही’ हा आपला नियम इथे लावणे मला अन्यायाचे वाटते. कापून जोडून पाहिल्याखेरीज स्ट्रट पोहोचत नाहीत हे कोणत्याही ग्राहकाला कळणार कसे? 1917 साली भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक यांनी कॅमल उडवले होते, हे कळल्यापासून माझी आठवीतली मुलगी या किटच्या मागे होती. दोन रविवार खपून तिने कॉकपिटमधले लाकूड आणि वैमानिकाचा कातडी कोट रंगवला आहे. तो भाग निर्दोष आहे आणि तो वाया जाऊ नये, म्हणून मी संपूर्ण किट परत करण्याऐवजी वरचा पंख, स्ट्रटची फ्रेम आणि नवीन डिकल्स एवढेच मागत आहे. हे भाग शिल्लक नसतील, तर कुरियर खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी.

ई-कॉमर्ससंबंधी 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. त्या मुदतीत निर्णय न कळवल्यास मी ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. पावतीची प्रत, पट्टी लावून काढलेली पंखाची छायाचित्रे आणि फुटलेले डिकल सोबत जोडले आहे.

कळावे,

आपला ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)