चौदा खंडांची पोथी लावावी का?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका तरुण वाचकाने विचारलं होतं, की दहा-दहा, चौदा-चौदा खंडांच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या हाती घ्याव्यात, का आयुष्यातली तेवढी वर्षं पाण्यात जातात? मी पैठणला कृषी सेवा केंद्र चालवतो. परभणीला बी.एस्सी. ॲग्री केलं, माझं इंग्रजी तेवढंच. तरी रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची मालिका काउंटरवर बसून सव्वातीन वर्षांत पुरी केली, म्हणून लिहायचं धाडस करतो.

पुस्तकं मुलीची. ती नोकरीला पुण्याला गेली आणि खोकं इथेच राहिलं. मृगाच्या तोंडावर आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पण पोळा सरला की रब्बीचं बियाणं सुरू होईपर्यंत माशा मारत बसायचं. तेव्हा खोकं उघडलं. पात्रं एवढी, की नावं डोक्यात राहिनात. मग जुन्या साठा रजिस्टरची कोरी पानं कामी आली. डाव्या रकान्यात नाव, मध्ये गाव आणि ‘शिल्लक’ या रकान्यात जिवंत का मेला. बायकोला दोन महिने वाटत होतं, उधारीचा हिशेब चाललाय. तिसरा खंड गंधकाच्या पोत्याला टेकून ठेवला होता, त्याला अजून तो वास आहे.

आपेगावकडचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. त्यांनी ते जाडजूड पुस्तक पाहून विचारलं, “काय भाऊ, कोणती पोथी लावलीय?” म्हटलं, इंग्रजी आहे, गोष्टीचं. “असू द्या की. कितवा अध्याय चालूये?”

तेवढंच विचारलं. किती पानं, शेवट कसा, वाचून काय मिळतं, यातलं काही नाही. आमच्या गल्लीत श्रावणात ‘पांडवप्रताप’ लागतो. चौसष्ट अध्याय. कोण जिंकणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी माणसं येऊन बसतात. एखाद्या संध्याकाळी डुलकी लागते, दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय असतोच. या मालिकेतही प्रत्येक खंडाचा पहिला अध्याय जवळपास त्याच ओळींनी उघडतो, की कालचक्र फिरतंय आणि कुठूनसा वारा सुटलाय. मला तर ते मंगलाचरणच वाटायचं. मी रोज एक अध्याय ठेवला. त्या मापाने ४४ लाखांच्या आसपास शब्दांचं ओझं कधी जाणवलं नाही. सुट्टीच्या एका आठवड्यात खंड फस्त करायला निघालेला माणूस मात्र इथे दमणार.

आता दोष. आहेत, आणि भरपूर आहेत. एक बाई रागावली की वेणी ओढते. हजारदा रागावते, हजारदा ओढते. दहावा खंड म्हणजे तर निव्वळ उन्हाळा. नवव्याच्या शेवटी जे मोठं घडलं, त्याच वेळी बाकीचे कुठे होते हेच शेकडो पानं चालतं. मी तो चाळून काढला, आणि पुढे काही अडलं नाही. पोथीत गाळायची चोरी असते, इथे नाही.

“चौथ्या खंडापासून खरी रंगत येते, तोवर दम धरा,” असं सांगणारे भेटतात. माझ्या धंद्यात ही भाषा चालत नाही. घरचं सोयाबीन पेरायचं झालं, तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि सत्तरच्या वर उगवले तरच पेरतात. चार हंगाम थांबा, मग उगवेल, असं मी म्हणालो तर शेतकरी पिशवी माझ्याच अंगावर फेकील. पहिला खंड जवळपास आठशे पानांचा आहे आणि त्याचा शेवट त्याच्यापुरता पुरा होतो. तो वाचा. त्यातली गावं, माणसं पुस्तक मिटल्यावरही डोक्यात हिंडत असतील तर दुसरा उचला, नसतील तर सोडा. आठशे पानं वाचली म्हणून पुढची हजारो वाचलीच पाहिजेत, हे कर्ज कोणी काढायला सांगितलंय? (आणि वाचनालयांनो, मालिका घ्यायची तर ओळीने घ्या. मी पाहिलेल्या एका ठिकाणी पहिला, दुसरा आणि पाचवा असे तीनच खंड होते.)

शेवटाबद्दल एक गोष्ट पैठणकराला सांगितल्यावाचून राहवत नाही. जॉर्डन २००७ साली गेले, तेव्हा अकरा खंड झाले होते. मागे टिपणं होती. त्यांच्या पत्नीने, त्याच त्यांच्या संपादकही, ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला गाठलं आणि उरलेलं एका खंडात मावेना, म्हणून २००९ ते २०१३ मध्ये तीन खंड निघाले. हे वाचताना मला आमचा गावबा आठवला. नाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात ४४व्या अध्यायाशी थांबलं. पुढचं लिहिलं ते पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात राहिलेल्या, लोकांनी वेड्यात काढलेल्या गावबाने. सँडरसनचा सांधा मात्र दिसतो. गोष्ट एकदम पळायला लागते आणि एका थट्टेखोर पात्राची जीभच बदलते, बाराव्या खंडात तर तो कोणी परकाच वाटतो. पण तो शेवट वाचून मी त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

आपेगावचे ते गृहस्थ मागच्या आठवड्यात हरभऱ्याचं बियाणं न्यायला आले. पोथी समाप्त झाली म्हटल्यावर म्हणाले, “मग उद्यापन कधी?” दिवाळीला करू म्हणतो. मुलगी येणार आहे. तिने स्वतः सहाव्या खंडातच सोडून दिलं होतं, हे मला परवा फोनवर कळलं. आता रोज विचारतेय, शेवटी कोण कोण मरतं. रजिस्टर मी कपाटात कुलूप लावून ठेवलंय.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक, पैठण