पहिल्या चिठ्ठीत काखही असू द्या

संपादक महोदय,

मी सोलापुरात सोनोग्राफी करते. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण केमोचे दोन-तीन डोस झाल्यावर ‘काख पाहा’ अशी चिठ्ठी घेऊन येतात, याचं फार वाईट वाटतं. तोवर काखेत पसरलेल्या रोगाची गाठ विरलेली असू शकते. सुरुवातीला ती होती का, किती होत्या, हे मग कुणालाच सांगता येत नाही; आणि शस्त्रक्रिया, रेडिएशन यांचे निर्णय त्यावर अवलंबून असतात. काखेची सोनोग्राफी पहिल्या डोसआधीच हवी. काखेतल्या लसिका ग्रंथीची (लिम्फ नोडची) कड ३ मिलिमीटरपेक्षा जाड दिसली, तर सुईची तपासणी करावी आणि रोग निघाल्यास त्या ग्रंथीत धातूच्या बारीक क्लिपची खूण ठेवावी.

स्तनातली गाठ लहान असली, तरी या सोनोग्राफीचा उपयोग आहेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘साउंड’ या रुग्णांवरच्या अभ्यासात स्तनातली गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांमध्ये काखेची शस्त्रक्रिया न करताही पाच वर्षांत रोग दूरवर पसरण्याचं प्रमाण वाढलं नाही. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्यावर हात सुजलेल्या, भाकरी थापता न येणाऱ्या बाया मी पाहते.

डॉक्टरांनी पहिल्याच चिठ्ठीत ‘स्तन आणि काख’ लिहावं. नातेवाइकांनीही विचारावं.

– एक रेडिओलॉजिस्ट, सोलापूर