हरियाणातल्या रोपांनी निकोबारच्या गरुडाची भरपाई कशी होणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ग्रेट निकोबारच्या प्रकल्पाच्या बातम्या मी नेमाने वाचतो. बंदर, विमानतळ, वीजकेंद्र, नवे शहर, सगळ्यांचे आकडे त्यांत असतात. तिथल्या जंगलात राहणाऱ्या एका लहानग्या शिकारी पक्ष्याचे नाव मात्र माझ्या वाचनात एकदाही आले नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे कुंभार्ली घाटात सकाळी ऊन तापू लागले की सर्पगरुड शीळ घालत दरीवर घिरट्या घालतो. ती शीळ ऐकली की हातातले काम थांबते आणि मान आपसूक वर जाते. पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा खालूनही स्पष्ट दिसतो. फांदीवर बसला तर पिवळेधमक डोळे आणि मानेमागे फुललेला काळा-पांढरा तुरा. याचाच धाकटा भाऊबंद म्हणजे ग्रेट निकोबारचा सर्पगरुड. लांबीला जेमतेम ४० सेंटिमीटर, आपल्या डोमकावळ्याहूनही आखूड! जगातल्या सर्वांत छोट्या गरुडांत तो मोडतो. सरडे, उंदीर, लहानसहान पाखरे यांवर त्याची गुजराण चालते. ग्रेट निकोबार आणि त्याला लागून असलेली लहान बेटे सोडली, तर तो पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाही.

या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी द्यायचे आहे. ९.६४ लाख झाडे तोडावी लागतील, असा अंदाज सरकारनेच २०२३ मध्ये संसदेत सांगितला. त्या बदल्यात झाडे लावायची ठरली ती हरियाणात. उद्या माझी हापूसची बाग तोडून कुणी मराठवाड्यात कडुलिंब लावले, तर माझी भरपाई झाली असे मी कसे म्हणू? मी निदान तक्रार तरी करीन. हा पक्षी समुद्र ओलांडून हरियाणात जायचा नाही, आणि तिथल्या कोरड्या रानात त्याचे काही कामही नाही.

बेटावर माणसाने राहूच नये असे माझे म्हणणे नाही. शोंपेन आणि निकोबारी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९६९ पासून कॅम्पबेल बे परिसरात माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती.

माझी मागणी साधी आहे. जंगलाला हात लावण्याआधी हे गरुड किती उरले आहेत आणि कोणत्या भागात आहेत, याची मोजदाद स्वतंत्र पक्षीतज्ज्ञांकडून करून घ्यावी आणि ती लोकांसमोर ठेवावी. आपल्यालाही एक विनंती आहे. या प्रकल्पाची पुढची बातमी छापाल तेव्हा खर्चाच्या आकड्याशेजारी या पक्ष्याचा एक फोटो जरूर छापा.

आपला,
एक आंबा बागायतदार, चिपळूण